एक आत, एक बाहेर

मित्रांनो, कुणी मला टेबल म्हटलं की मला संकोच वाटतो. टेबलाला चार पाय असतात. मला एकच आहे, आणि तोही आखूड. मी एक जुनी फळी आहे, दोन बिजागऱ्यांनी भिंतीला जोडलेली. काम नसलं की मी खाली लोंबते, पाठ भिंतीला आणि तोंड खोलीकडे. काम निघालं की मला वर उचलायचं, माझा एकुलता एक पाय बाहेर ओढायचा आणि जमिनीला टेकवायचा. झालं टेबल!

त्याआधी मी एका गोदामाचं अर्धं दार होते. गोदाम पाडलं तेव्हा एका सुतारानं मला उचलून आणलं, रंधा मारला, कडा घासून गोल केल्या. कुलपाचं भोक मात्र तसंच राहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, जेवायच्या फळीला कुलूप कशाला?" सुतार म्हणाला, "राहू द्या. कोणी अन्न चोरलं तर उपयोगी पडेल." गिऱ्हाईक हसलं आणि मला घरी घेऊन आलं. तेच आमचे बाबा.

मी त्यांना बाबा म्हणते, कारण त्यांची लेक तसं म्हणायची. आणि त्यांच्या बायकोला आई. माझ्यासमोर एवढंच घर वाढलं. बाबा एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. बोटांना कायम खळ चिकटलेली, खिशात दाभण आणि दोऱ्याचं रीळ. आई शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठा आणायची आणि घरी बसून काजं-बटणं करायची. खोली एकच. दारापासून खिडकीपर्यंत दहा पावलं, आणि बाबांची पावलं काही लांब नव्हेत. एका कडेला ओटा, एका कडेला गाद्या, आणि मधल्या भिंतीवर मी, बरोबर दारासमोर.

सकाळी माझ्यावर चहा व्हायचा, मग डबे भरले जायचे. दुपारी आईचे शर्ट यायचे. संध्याकाळी लेक अभ्यासाला बसायची आणि माझ्या कुलपाच्या भोकात पेन्सिली उभ्या करायची. मग मला पुसून जेवण. जेवण झालं की मला खाली सोडायचं आणि माझ्या जागेवर गाद्या घालायच्या. माझ्या एकुलत्या पायाखाली बाबा पुठ्ठ्याची घडी सरकवायचे. दरवर्षी नवी घडी, मापून कापलेली. मी केवढी महत्त्वाची, असं मला वाटायचं. एक सांगते, वर उचललं की मला फक्त छत दिसतं आणि जेवणाऱ्यांच्या हनुवट्या. त्यामुळे या घरातली माणसं मी हनुवटीवरून ओळखते. आईच्या हनुवटीवर तीळ होता.

आता आईच्या नियमाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

शेजारच्या काकूंनी एकदा हप्त्यांवर मोठा सोफा घेतला होता. तो जिन्यात अडकला. वर जाईना, खाली येईना. दोन दिवस सगळे भाडेकरू त्या सोफ्यावरून चढउतार करत होते, आणि एक म्हातारे आजोबा तर मधेच बसून दम खायचे. आई हसून हसून बेजार झाली. रात्रीच्या जेवणाला मात्र ती गंभीर होऊन म्हणाली, "अहो, आपलं घर काही रबराचं नाही ताणायला. आजपासून आपला एक नियम. एक वस्तू आत आली की एक बाहेर जाणार."

"आणि काही आणायचंच नसेल तर?" बाबांनी विचारलं.

"तर उत्तमच. तुमचं काम वाचलं."

तिनं शर्टांच्या उरलेल्या कापडाच्या दोन सारख्या पिशव्या शिवल्या. दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूला, स्वतः स्टुलावर चढून एक मोठा खिळा ठोकला. घरातून जायचं ते पिशवीत आणि पिशवी खिळ्यावर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुनं सामान घेणारा एक सामानवाला हातगाडी घेऊन यायचा, ती भरलेली पिशवी काढून न्यायचा आणि मागच्या वेळची रिकामी अडकवायचा. त्याच्या गाडीला एक रबरी भोंगा होता, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. तो दार वाजवायचा नाही, आत यायचा नाही. त्याचा व्यवहार खिळ्याशी.

पहिल्या वर्षी नियम कोलमडलाच म्हणायचा. आईच पिशवी उघडून बघायची आणि "हे अजून चालेल", "याचं काहीतरी करता येईल" असं म्हणत निम्मं सामान परत घ्यायची. मग एके दिवशी तिनं स्वतःच कानाला खडा लावला. म्हणाली, "पिशवीत गेलं ते आपलं नाही. उघडून बघायचं नाही, परत मागायचं तर नाहीच नाही." तो नियम त्या घरानं तीस वर्षं पाळला. लेकीला नवं दप्तर आलं तेव्हा जुनं गेलं. नवी कढई आली, जुनी गेली. लेक लग्न करून दुसऱ्या गावी गेली तेव्हा बाबा म्हणाले, "एक बाहेर गेलं गं. आता आत काय आणायचं?" आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि ती चक्क रडली. बाबांनी थट्टा केली होती, पण ती थट्टा त्यांना फार महागात पडली. दोन दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा मिळाला.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा घरात ही माणसं कुढत असतील. मुळीच नाही. दोन पेले, दोन ताटं, पाहुण्यांसाठी आणखी दोन, एक आरसा, एक स्टूल, एक खुर्ची. कुणाचं देणं नाही. आई म्हणायची, "झाडायला दहा मिनिटं लागतात. राजवाड्यातल्या बाईला विचारा किती लागतात." मला तिचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

मग आई आजारी पडली. इस्पितळात जायचं ठरलं तेव्हा बाजाराची पिशवी धुऊन वाळत घातलेली होती. आईनं दार उघडून खिळ्यावरची रिकामी पिशवी काढली आणि त्यात आपले चार कपडे घातले. तपकिरी स्वेटर, कंगवा, आपला पेला. चष्मा डोळ्यांवर होताच. जाताना ती मला म्हणाली, म्हणजे मला नाही, बाबांना म्हणाली, "फळी पुसून ठेवा हो. तुम्ही विसरता." बाबांनी मला पुसलं, खाली सोडलं आणि ती दोघं गेली.

नऊ दिवसांनी आई गेली.

हे मी इतकं सरळ सांगते आहे, कारण घरात ते असंच आलं. कुणी हंबरडा फोडला नाही. लेक आली, खूप रडली, मग आल्यागेल्यांचं बघण्यात गुंतली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा इस्पितळातून आईचं सामान घेऊन आले. लेक पाहुण्यांना सोडायला गेली होती. बाबा एकटे होते. त्यांनी दार उघडलं. हातात ती पिशवी होती. मी समोरून बघत होते. त्यांनी पिशवी उचलली आणि तीस वर्षांच्या सवयीनं बाहेरच्या खिळ्यावर अडकवली. मग आत येऊन चपला नीट जागेवर ठेवल्या आणि हात धुतले.

मित्रांनो, मी फळी आहे. मला ओरडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी इतकी ओरडले असते, की अख्खी इमारत गोळा झाली असती.

दुसरा दिवस महिन्याचा शेवटचा रविवार होता. सकाळी भोंगा वाजला. थोड्या वेळानं दार उघडलं तेव्हा खिळ्यावर दुसरी पिशवी होती, रिकामी, नीट घडी घातलेली.

सोमवारी लेक निघताना म्हणाली, "बाबा, मला आईचं काही नको. फक्त तो तपकिरी स्वेटर नेऊ? कोपरांना ठिगळं लावलेला." बाबा "हो" म्हणाले. मग त्यांना आठवलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. चेहऱ्यावर काहीच झालं नाही. ते दारापर्यंत गेले, खिळ्याकडे बघितलं, परत आले.

"शोधून ठेवतो," ते म्हणाले.

"एवढ्याशा घरात शोधायचं काय बाबा?"

"ठेवतो म्हटलं ना."

लेक गेली. बाबांनी शोधलं नाही. शोधायचं काय होतं? आणि भोंग्याला विचारणंही त्यांना जमेना. गेलेलं परत मागायचं नाही. आईचा शब्द. आता आईच नाही म्हटल्यावर तो शब्द मोडायचा कुणाला विचारून?

त्यानंतरचा महिना मी सगळा पाहिला, कारण त्या महिन्यात मला एकदाही कोणी वर उचललं नाही. बाबा ओट्याशी उभं राहून जेवायचे. उकडलेला बटाटा, ब्रेड, कधी अंडं. जेवण संपलं की एक ताट, एक पेला धुऊन ठेवायचे. वेळेवर छापखान्यात जायचे, वेळेवर यायचे. रोज दाढी करायचे. काकू दारातून डोकावून म्हणायच्या, "किती सावरलात हो तुम्ही! आमच्याकडे तर हातपाय गाळून बसले असते." बाबा मान डोलवायचे. सावरले कसले? ते पडलेच नव्हते अजून. एके दिवशी त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. दाभण आरपार गेलं होतं. चिंधी सोडून त्यांनी अंगठा नळाखाली धरला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मला माहीत होतं त्यांना काय झालंय. लाकडात खिळा ठोकला तरी लाकडाला काही होत नाही असं लोक समजतात. तसं त्यांचं झालं होतं. त्या महिन्यात आम्ही दोघं एकाच जातीची झालो होतो.

रविवारी लेकीचा फोन यायचा. "सापडला का बाबा?" "बघतो आहे." एवढंच बोलणं. आणि फोन ठेवला की बाबा घरातली एखादी वस्तू उचलायचे. पाहुण्यांची दोन ताटं गेली पिशवीत. आरसा दाराशी गेला. दाढी ते मग हातानं चाचपून करायला लागले. खुर्ची गेली, स्टूल गेलं, दुसरी गादी गेली. बटणांचा डबासुद्धा दाराशी जाऊन बसला. आत काहीच येत नव्हतं, नुसतं बाहेर, नुसतं बाहेर. आईनं असला नियम कधी केला नव्हता. ती म्हणायची गरजेपुरतं ठेवा. हे तर गरजच मोडीत काढायला निघाले होते. मला भारी राग आला. थोडक्यात राहणं वेगळं आणि स्वतःला पुसून टाकणं वेगळं, हे इतकी पुस्तकं बांधलेल्या माणसाला मी सांगायचं का?

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी आले. माझ्या बिजागऱ्यांना भिंतीत सहा स्क्रू आहेत. दोन त्यांनी ढिले केले. तिसरा गंजलेला होता, हलेना. "उद्या त्यालाच सांगू," असं पुटपुटून त्यांनी हत्यार ठेवलं. मला भीती वाटली का? वाटली. तिसाहून जास्त वर्षं एका भिंतीला धरून राहिल्यावर कुणालाही वाटेल.

रविवारी भोंगा वाजला. बाबांनी दार उघडून त्याला हाक मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. सामानवाला दारात आला, तो एवढा थोराड माणूस, पण उंबऱ्यापाशी चोरासारखा थबकला.

"आत ये. हे सगळं न्यायचंय. आणि ही फळी काढून दे."

तो आत आला. ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं. "घर सोडताय का दादा?"

"नाही."

"मग जेवणार कशावर?"

"जागा अडते," बाबा म्हणाले.

त्यानं माझा गंजका स्क्रू बोटानं चाचपला आणि हात काढून घेतला. "फळी काढतो. ते काय, चुटकीसरशी निघेल. पण आधी एक विचारायचं होतं. महिनाभर डोक्यात घोळतंय. मागच्या खेपेच्या पिशवीत चष्मा होता. तुमच्या घरातून मला फाटकं आलं, फुटकं आलं, पण चालू चष्मा कधी आला नाही. म्हटलं, वहिनींना त्याच्याशिवाय दिसतं का?"

बाहेर जिन्यावर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"ती गेली," बाबा म्हणाले.

महिनाभरात हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नव्हते. लोक म्हणायचे, हे मान डोलवायचे. आज त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा निघाले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. त्यांनी ओट्याची कड धरली.

"अरे देवा," सामानवाला म्हणाला. "कधी?"

"त्या पिशवीच्या आदल्या दिवशी. इस्पितळातून आणली होती ती. मी... मीच अडकवली. या हातानं." त्यांनी हात पुढे करून दाखवला, अंगठ्यावरच्या खुणेसकट. "तिचा स्वेटर होता त्यात. पोरगी मागतेय. मी तिला काय सांगू? तुझ्या आईला मी भंगारात दिलं?"

"दादा, मी ती विकली नाही."

"काय?"

"चष्मा बघितला आणि हातच चालेना. तशीच ठेवली बाजूला. आज गाडीत घालून आणलीये. म्हटलं, वहिनी ओरडल्या तर ओरडल्या."

तो खाली गेला आणि पिशवी घेऊन वर आला. बाबा हात पुढे करेनात. "परत घ्यायचं नाही असा तिचा नियम आहे रे."

"तुम्ही कुठं परत मागताय? मी द्यायला आलोय. नियम तुमच्या घरचा, मला लागू नाही." मग म्हणाला, "वहिनींचं ते एक आत, एक बाहेर, अख्ख्या गल्लीला पाठ आहे. ही आत घ्या आणि तिच्या बदल्यात काय द्यायचं ते द्या. पण दादा, फळी देऊ नका."

बाबांनी खोलीकडे बघितलं. द्यायला उरलं होतं काय? एक ताट, एक गादी, मी. त्यांची नजर फिरत फिरत दाराकडे गेली.

"पक्कड आहे का गाडीत?" त्यांनी विचारलं.

पक्कड आली. बाबा दारात गेले आणि तो खिळा धरून ओढायला लागले. आईनं ठोकलेला खिळा, सहजासहजी थोडाच निघतोय? दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा चौकटीतून करकर आवाज आला आणि तो निघाला. बाबांनी तो सामानवाल्याच्या तळहातावर ठेवला. "हे घे. एक बाहेर." त्यानं खिळा खिशात घातला, ढिगाला हातही लावला नाही आणि निघून गेला. त्या दिवशी गल्ली संपेपर्यंत त्यानं भोंगा वाजवला नाही.

मग बाबांनी दार लावलं, माझ्यापाशी आले आणि मला वर उचललं. पाय ओढला, पुठ्ठ्याची घडी सरकवली. पिशवीतली एक एक वस्तू काढून माझ्यावर ठेवली. पेला. कंगवा. घडी घातलेले कपडे. चष्मा. शेवटी स्वेटर. मला छत दिसत होतं आणि बाबांची हनुवटी. मग ती खाली आली, स्वेटरवर टेकली, आणि ते रडले. इतके रडले की काकू दार वाजवायला आल्या. मी एका पायावर, चार धड आणि दोन ढिल्या स्क्रूंवर, जेवढं धरता येईल तेवढं धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी लेक आली. बाबांनी तिला सगळं स्वतःहून सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी तरी कुठं शुद्धीत होते?" तिनं स्वेटर अंगात घातला. बाह्या थोड्या आखूड झाल्या. तिच्या हनुवटीवर तीळ नाही, पण ती बोलायला लागली की हनुवटी आईसारखीच वर जाते. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

निघताना बाबा सवयीनं म्हणून गेले, "स्वेटर बाहेर चालला. मग आत काय आणलंस?"

"मी आलेय ना," लेक म्हणाली. "दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार. जागा आहे ना फळीवर?"

बाबांनी त्या दिवशी खुर्ची, स्टूल आणि आरसा परत जागेवर ठेवला. बटणांचा डबाही. पाहुण्यांची दोन ताटं धुऊन मांडली. बाकीचं सामान आता खरंच नको होतं, ते काकूंना देऊन टाकलं. सोफ्यावर ठेवतील कुठंतरी.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. घर लहान असलं तर लाजू नका. गरजेपुरतं ठेवा, जे आहे ते पुसून-सांभाळून वापरा, हौसेपायी जिना अडवू नका. पण एखादा माणूस फारच नीटनेटका, फारच गप्प होऊन एक एक वस्तू दाराशी नेऊन ठेवायला लागला, तर त्याला शाबासकी देऊ नका. आत जा. त्या सामानवाल्यानं विचारलं तसं काहीतरी साधं विचारा.

आणि हो, माझे ते दोन स्क्रू अजून ढिलेच आहेत. बाबा रोज चहा पिताना म्हणतात, "उद्या आवळतो." उद्या शेवटचा रविवार आहे. तुमच्यापैकी कुणी आलंच, तर माझ्यावर कोपर जरा जपून टेका.